निवांत : दुपारी २.४० ते ३.१०

आमच्या भावोजींनी नाशिकच्या वाइन-सहलीचं जे वेळापत्रक घरच्या ग्रुपवर टाकलं, त्यात ‘निवांत बसणे’ या कामाला दुपारी २.४० ते ३.१० अशी वेळ नेमून दिली होती. त्याच्या आधी ‘वाइनरी क्र. ३’ आणि नंतर ‘वाइनरी क्र. ४ (जमल्यास ५)’. भावोजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. ‘जमल्यास’ घातल्याशिवाय त्यांच्या हातून कागद सुटत नाही.

मूळ कल्पना ताईची, आणि अगदी साधी. सकाळी ठाण्याहून निघायचं, एखादी वाइनरी बघायची, दोन घोट घ्यायचे, सावकाश जेवायचं, गप्पा मारायच्या, रात्री घरी. तिने ती चहा गाळता गाळता सांगितली आणि चहा निवायच्या आत भावोजींनी तिचा प्रकल्प केला.

नाशिकला निवडीला तोटा नाही, हीच पहिली अडचण. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परत आले, नाशिकच्या घरच्या जमिनीत त्यांनी वाइनची द्राक्षं लावली, आणि आईच्या सुलभा या नावावरून झालेल्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष-प्रक्रियेचं धोरण आणलं, निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क काढलं, आणि एकेक पाटी उभी राहू लागली. आता गंगापूरच्या बाजूला सुला, तिच्या शेजारी यॉर्क, पलीकडे सोमा, दिंडोरीकडे शाँदों, इगतपुरी तालुक्यात व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा. भावोजींनी ही सगळी नावं नकाशावर टाचली आणि त्यांना जोडणारी एक रेघ ओढली. रेघ सुरेख आली. एका ठिकाणी साधारण पाच प्रकार चाखायला देतात, ग्लासात बोटभर. पाच ठिकाणं म्हणजे पंचवीस बोटं. “ही सहल नाही, शिरगणती आहे,” ताई म्हणाली. तिचं कोणी ऐकलं नाही.

कारण तोवर मावशीने ते वाक्य उच्चारलं होतं. “एवढं लांब जातोच आहोत तर...”

मराठी माणूस एका कारणासाठी घाट चढत नाही. लग्नाला गेला तर जवळचा किल्ला उरकतो, किल्ल्यावर गेला तर पायथ्याच्या गावातली सुनेची आत्या उरकतो. नाशिकला जातोच आहोत तर त्र्यंबकेश्वर. त्र्यंबकेश्वर केलं तर काळाराम न करून कसं चालेल? गंगापूर रोडनेच जायचं तर सोमेश्वरचा धबधबा वाटेतच. फेब्रुवारीत त्याला पाणी किती असतं, हा प्रश्न गौण. वहिनींनी हळूच येवल्याच्या पैठणीचं नाव काढलं. येवला नाशिकपासून ऐंशी किलोमीटर, तेही विरुद्ध दिशेला. पण साडीच्या बाबतीत वहिनींचा भूगोल उदार आहे. देवदर्शन आणि वाइन एकाच दिवशी चालतं का, यावर खल झाला आणि दर्शन आधी, वाइन नंतर असा तोडगा निघाला. त्र्यंबकची रांग तीन तासांची निघाली तर काय, असं भाचीने विचारलं. भावोजींनी वेळापत्रकात निघण्याची वेळ साडेपाचवरून चारवर आणली.

मग तारीख. सोमवार काका धरतात, शंकराचा. मंगळवार मावशीचा, गणपतीचा. गुरुवार दत्ताचा. शनिवारी मारुतीला तेल घालून आलेल्या माणसाने त्याच दुपारी ग्लास फिरवत बसावं, हे वहिनींना पटेना. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. म्हणजे मटण-मासळीचे वार. भाचीने शंका काढली की वाइन तर फळाचा रस, तिला वार कशाला पाळायचा? झालं, ग्रुपवर दोन तट पडले. २०२२ च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचं ठरवलं तेव्हा वाइन ही दारू की शेतमाल, यावर अख्खं राज्य भांडलं होतं आणि अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला होता. आमच्याकडे तोच वाद लहान प्रमाणावर, पण जास्त कडवटपणे झाला.

त्यात वहिनींनी कुठेसं वाचलं की वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरतात, नाहीतर माशाच्या पोटातल्या फुग्यापासून काढलेला एक पदार्थ. हे खरं आहे. तो गढूळपणा धरून तळाशी बसतो आणि गाळाबरोबर निघून जातो. पण बेंटोनाइट नावाची माती हेच काम करते आणि सर्रास वापरतात. काकांनी तातडीने विचारलं, “म्हणजे मातीवाली सोमवारी चालेल?”

शेवटी भावोजींनी २६ जानेवारी जाहीर केली. सुट्टी आहे, थंडी आहे, बागेत द्राक्षं आहेत. सगळ्यांनी अंगठे दाखवले. दोन दिवसांनी भाचीने कळवलं की त्या दिवशी ड्राय डे असतो. १५ ऑगस्टला असतो, २ ऑक्टोबरला असतो, आषाढी-कार्तिकीलाही असतो. या राज्यात ज्या दिवशी सगळे मोकळे असतात त्या दिवशी बाटली बंद असते. भावोजींनी निरोप पुसून टाकला, तरी ‘हा संदेश पुसण्यात आला आहे’ ही ओळ आठवडाभर वर दिसत राहिली.

हंगाम मात्र त्यांनी बरोबर धरला होता. युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरात उतरतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. तिथली वेल हिवाळ्यात बर्फाने झोपते. नाशिकची वेल झोपतच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा कात्रीने शिस्त लावावी लागते. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. घड पावसात सापडू नये हा सगळा खटाटोप. तेव्हा जायचं तर फेब्रुवारी, आणि शनिवार-रविवारी तिथे अर्धी मुंबई, उरलेलं पुणं असतं, म्हणून शुक्रवार. ज्यांना रजा काढावी लागणार होती ते गप्प बसले. ज्यांना रजेची गरजच नव्हती ते निवृत्त लोक दोन दिवस कुरकुरले.

मग प्रश्न आला, गाडी कोण चालवणार? शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायद्याने कोरडा राहू शकेल असा एकच माणूस घरात होता, एकोणीस वर्षांचा भाचा. वाइन-बिअरला आपल्याकडे एकवीस पूर्ण लागतात. पण कसाऱ्याच्या घाटात त्याच्या हाती गाडी देण्यापेक्षा ताईला दंड परवडत होता. काकांनी ‘मी फक्त चाखीन’ असं सुचवलं. काकांचं चाखणं सर्वांच्या परिचयाचं आहे. पिण्याच्या परवान्याची चौकशीही त्यांनीच केली. एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो, आणि मूळ नियमांप्रमाणे तो प्रकृती सांभाळण्यासाठी दिलेला असतो, हे कळल्यावर त्यांनी तो कागद काकूंना मोठ्याने वाचून दाखवला.

रेल्वेचा विचार भाचीने मांडून पाहिला. पंचवटी एक्स्प्रेस आहे, पण ती नाशिककरांची. सकाळी त्यांना मुंबईत नोकरीला आणते आणि संध्याकाळी घरी नेते. आपण नेमके उलटे. सकाळची तपोवन आहे, पण नाशिक रोडला उतरून पुढे वाइनरीपर्यंत रिक्षांचा ताफा लागला असता. मग टेम्पो ट्रॅव्हलर ठरली, चालकासकट. या सहलीतला हा एकमेव निर्णय ज्याबद्दल आजही कोणी वाद घालत नाही.

निघालो साडेपाचला. चार वाजता निघायचं ठरल्यावर साडेपाच म्हणजे वेळेआधीच. समृद्धी महामार्गाने इगतपुरीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा झपकन पार झाला असता, पण समृद्धीवर वडापावची गाडी नाही, म्हणून जुन्या घाटाने. इगतपुरीला विपश्यना केंद्राची पाटी लागली. तिथे दहा दिवस अक्षर न बोलता बसतात, अशी माहिती भावोजींनी दिली आणि ते बोलतच राहिले. घोटीला त्र्यंबकचा फाटा आला तेव्हा गाडीतले सगळे झोपले होते. चालकदादांनी वळू का विचारलं. ताई एकटी जागी होती. “सरळ घ्या,” ती म्हणाली. वेळापत्रकातले पहिले तीन तास असे बिनबोभाट कापले गेले.

नाशिकला मिसळ न खाता पुढे जाणं हा स्थानिक गुन्हा आहे. चुलीवरची, काळ्या रश्श्याची, वर पापड, बाजूला दही. काकांनी तर्री दोनदा मागून घेतली. आता, अल्कोहोलमुळे तिखटाची आग जास्त भडकते, आणि तर्रीने पोळलेल्या जिभेला पुढचे दोन तास शिराझ आणि कोकम सरबत यांत फरक कळत नाही. हे वाइनरीतल्या पोराने नंतर सांगितलं. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जी सहनशीलता होती, त्यावरून रोज सकाळी मिसळ खाऊनच लोक त्याच्यापुढे येत असावेत.

हा पोरगा मखमलाबादकडचा. सुरुवात इंग्रजीत केली. मावशी म्हणाली, “बाळा, आपलं बोल की,” आणि तो सुटलाच. क्रेटमधला शिराझचा एक मणी उचलून त्याने आमच्यासमोर चिमटीत फोडला. साल जांभळी-काळी, आणि बोटांवरून ओघळला तो रस जवळजवळ पाणी. काळ्या द्राक्षाचा रसही पांढराच असतो; सालीसकट आंबवला तर लाल वाइन, साल लगेच काढली तर नाही. वहिनींनी मणी चाखला. एवढासा, जाड सालीचा, आत दोन बिया, पण खायच्या थॉम्सन द्राक्षापेक्षा कितीतरी गोड. साखर लागतेच, तिचीच पुढे दारू होते. मावशीने विचारलं, “एवढा गोड आहे तर बेदाणे का नाही करत?” पोरगा क्षणभर स्टीलच्या टाक्यांकडे बघत राहिला. या प्रश्नाची तयारी त्याच्याकडून कोणी करून घेतली नव्हती.

चाखायच्या टेबलावर ग्लास आले. दांडीला धरायचा, पेल्याला नाही, हाताच्या उबेने वाइन तापते. गोल फिरवायचा. नाक आत घालायचं.

“कसला वास येतो?”

“दारूचा,” काका.

भाचीने भिंतीवरचा फलक वाचून ‘ट्रॉपिकल फ्रूट’ असं सांगितलं. ‘नुसतं बघायला’ आलेल्या मावशीपुढे शिष्टाचार म्हणून ग्लास ठेवला होता. तिने तो उचलला, डोळे मिटले आणि म्हणाली, “ढोबळी मिरची. चिरल्या चिरल्या येतो तो.” सगळे हसले. पोरगा हसला नाही. सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये पायराझिन जातीची संयुगं असतात आणि ढोबळी मिरचीला तिचा वास देणारीही तीच, असं त्याने सांगितलं. पुढचा ग्लास शनँ ब्लाँचा. “पेरू. जरा कच्चट.” बरोबर. शिराझला तिने “मिरी, आत्ता कुटलेली” म्हटलं तेव्हा पोरगा अवाक. रोटंडोन नावाचं एकच द्रव्य शिराझमध्येही असतं आणि मिरीतही. पाचातल्या एखाद्याला त्याचा वास मुळीच येत नाही. काकांना आला नाही, आणि दोष तर्रीचा नसून जन्मजात आहे हे कळल्याने त्यांना मोठाच आधार वाटला.

मला यात नवल वाटलं नाही. ज्या बाईने पन्नास वर्षं फोडणी करपायच्या आधी नुसत्या वासावर ओळखली, तिला नाक वापरायला शिकवणं म्हणजे आगाऊपणा. आमच्यात नियमाने पिणारे तिघे होते. तिघांनाही एकही वास धड सांगता आला नाही. पिणाऱ्याचं लक्ष पुढच्या ग्लासाकडे असतं.

टेबलाच्या मध्ये एक भांडं होतं. चव घेऊन त्यात टाकायचं, म्हणजे शेवटपर्यंत जीभ ताळ्यावर राहते. काकांना ते मानवेना. “पैसे देऊन तोंडात घ्यायचं आणि पिकदाणीत टाकायचं? आमच्या आजोबांनी हे केलं, पण ते पानाचं.” कॅबर्नेला त्यांनी तोंड वाकडं केलं. सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून उतरलेलं टॅनिन जीभ ओढून धरतं. मावशीच्या मते अगदी कच्च्या सुपारीसारखं. सगळ्यात शेवटी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शनँ आली. ती सगळ्यांना मनापासून आवडली आणि सगळ्यांनी ‘जरा जास्तच गोड आहे’ असं सांगितलं, कारण गोड आवडणं हे नवशिकेपणाचं लक्षण, असं प्रत्येकाने कुठेतरी ऐकलेलं होतं. मावशीने सरळ विचारलं, “ही बाटली केवढ्याला?”

चकण्याचा विषयही तिथेच निघाला. चीजची फळी आली, तिच्यावर चार चौकोन, थोडे बदाम आणि वाळवलेलं अंजीर. काकांनी ती फळी उलटी करून पाहिली. बाहेरचे पदार्थ आणू नयेत अशी पाटी होती, आणि वहिनींच्या पर्समध्ये भाजणीच्या चकल्या होत्या. या दोन गोष्टी बराच वेळ एकमेकींशेजारी नांदल्या. नियम मोडला की नाही ते मी लिहिणार नाही. फक्त एवढं नोंदवतो की शनँ ब्लाँबरोबर भाजणीची चकली फार उत्तम लागावी.

जेवण लांबलं. पानं उचलली गेली तेव्हा चार वाजत आले होते. भावोजींची वाइनरी क्र. २, क्र. ३ आणि निवांत बसण्याचा अर्धा तास हे सगळं त्या जेवणातच विरघळलं. ते दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघत होते, मग अर्ध्या तासाने, मग त्यांनी बुटांची नाडी सैल केली.

या सगळ्या वेळात खरं ज्ञान बाहेर, गाडीत बसलं होतं. चालकदादा मूळचे सिन्नरचे, सासुरवाडी पिंपळगाव बसवंतची, मेहुण्याची चार एकर द्राक्षबाग. पाय मोकळे करायला म्हणून त्यांनी आम्हाला बागेच्या कडेला नेलं. खायच्या द्राक्षाच्या मांडवाखाली वाकून चालावं लागतं. वाइनची वेल उभ्या तारांवर चढवतात, म्हणून ओळीतून ताठ जाता येतं. “वाइनवाल्यांना मणी बारीकच पाहिजे. आमच्याकडं बारीक राहिला तर व्यापारी पाठ फिरवतो.” डावणीचा रोग कुठल्या ढगात येतो, भुरी कशी चढते, फेब्रुवारीत गारा पडल्या तर काय उरतं, हे ते पानाला बोट न लावता, लांबूनच दाखवून सांगत होते. शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षं लावली, २००८-०९ च्या मंदीत मागणी बसली, आणि अनेकांनी त्या वेली उपटून पुन्हा थॉम्सन लावली. मेहुण्यानेही उपटल्या. “आता परत लावा म्हणतात,” दादा म्हणाले, आणि आभाळाकडे बघून त्यांनी मेहुण्याला फोन लावला. तिकडे ढग होते का ते विचारायला.

संध्याकाळी एकाच ठिकाणी गेलो, गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी. सूर्य खाली येत होता, बाकीचे ग्लास हातात घेऊन पाण्याकडे बघत होते. भावोजी मात्र उठले आणि हे मातीचं धरण आहे, काँक्रीटचं नाही, मातीच्या धरणात पाझर कसा सांभाळतात, हे त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी जोडप्याला समजावून सांगायला सुरुवात केली. ते जोडपं बहुधा लग्नाचा वाढदिवस साजरा करत असावं. पाऊण तासाने त्यातल्या मुलीने अतिशय नेमका प्रश्न विचारला, सांडव्याबद्दल. दिवसभरात भावोजी इतके सुखी दिसले नव्हते.

परतीला भिवंडीच्या अलीकडे ट्रकांच्या मागे अडकलो. मावशीच्या मांडीवर दोन बाटल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. काका घोरत होते. वहिनी पैठणीवाचून परत आल्याचं दुःख नाशिकच्या चिवड्यावर काढत होत्या. पुढच्या सीटवरून भावोजींचा आवाज आला.

“अकलूजजवळही एक मोठी वाइनरी आहे म्हणे. फ्रातेली. तिथून पंढरपूर काही लांब नाही. एवढं जातोच आहोत तर...”

“दर्शन आधी,” मावशी म्हणाली.

चालकदादांनी आरशातून मागे पाहिलं. “साहेब, त्या दिवशी मला दुसरी वर्दी आहे.”

“अहो, अजून तारीख ठरायची आहे.”

“हो, हो. पण आहे.”